पारोळ्यापुढची व्याहीभेट

“कान सोडा, व्याहीबुवा! मन्हा कान सोडा!”

“आधी तुम्ही माझी मिशी सोडा!”

“तुम्ही आधी!”

“छे छे, मान तुमचा! आधी तुम्ही!”

पारोळा मागे टाकून धुळ्याकडे निघालं, की मुकटीच्या अलीकडे हायवेच्या खालच्या अंगाला कपाशीचं एक वावर लागतं. त्या वावरात सकाळी साडेनऊ वाजता दोन म्हातारे एकमेकांच्या उरावर बसून हे बोलत होते. दोघं एकाच वेळी उरावर कसे बसतील, असं विचाराल. पण दर अर्ध्या मिनिटाला पाळी बदलत होती. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, दोघांच्या अंगात बुडाला गादी शिवलेली काळी तंग चड्डी आणि दोघांच्या तोंडात अहो-जाहो. एकाच्या नाकातून रक्त गळत होतं, दुसऱ्याच्या तोंडातून. वर रस्त्याच्या कडेला दोन सायकली पडल्या होत्या आणि त्यातल्या एकीचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं.

वाकलेल्या चाकाचा मालक मी. वय वर्षं एकसष्ट, जळगावच्या एका शाळेतून निवृत्त झालेला पी.टी.चा मास्तर. कान ज्यांचा माझ्या मुठीत होता ते माझे व्याही, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. छत्तीस वर्षं मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवून आता धुळ्याला घरी बसलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. मीही म्हणतो. मारतानासुद्धा आबाच म्हणत होतो.

हे इथवर कसं आलं ते सांगतो, आणि खरं तेच सांगतो. थोडं इकडेतिकडे झालं तर मायबाप वाचकांनी सांभाळून घ्यावं.

जळगावातले निम्मे वकील आणि निम्मे डॉक्टर माझ्या हाताखालून गेले आहेत. माझी थप्पड शाळेत तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. घंटा वाजवणारा शिपाई रजेवर असला की मुख्याध्यापक मैदानावर निरोप धाडायचे, “सर, चौथा तास संपला. कुणाला तरी हाणा.” मी हाणायचो आणि अख्खी शाळा दप्तर आवरायची.

अशा माणसाला निवृत्तीनंतर हाणायला कुणी उरलं नाही, तेव्हा सगळा जोर पोटात जाऊन बसला. साखर वाढली, दाब वाढला, जिना चढताना छातीत कुणीतरी लेझीम खेळायला लागलं. डॉक्टरकडे गेलो, तर खुर्चीत नववी ‘ब’ बसलेली. त्याने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि इतक्या प्रेमाने फुगवला, की माझी बोटं वांग्यासारखी जांभळी झाली. 

“आठवतं का सर, मी खो-खोला दांडी मारली होती?” असं म्हणून त्याने आणखी दोन दाब दिले. “रोज सायकल चालवा.”

“दुसरं काहीही सांग. सायकल नको.”

“का?”

“नको म्हणजे नको.”

“सर, नातवंडं बघायचीत ना?”

तेवीस वर्षं मी सायकलला पाय लावला नव्हता. कारण विचारलं की गुडघ्याचं नाव सांगायचो. पण बायको सोबत होती, तिने डॉक्टरचा शेवटचा प्रश्न ऐकला होता, आणि संध्याकाळी दारात सायकल उभी होती. सात गिअर, टाचणीएवढं सीट. 

पहिला महिना निव्वळ युद्धाचा गेला. मेहरूण तलावाच्या रस्त्यावरची कुत्री म्हणजे कुत्री नव्हेत, ती एक संघटना आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या जाड माणसांच्या पोटऱ्या त्यांनी आपसात वाटून घेतल्या आहेत. तांबड्या कुत्र्याच्या वाट्याला मी आलो. त्याने माझी पोटरी धरली. मी सायकल न थांबवता खाली वाकलो आणि त्याचा कान धरला. कान धरणं हा माझा पेशा. शंभर पावलं आम्ही तसेच गेलो, तो माझ्या पोटरीला आणि मी त्याच्या कानाला. शेवटी त्याने आधी सोडलं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून तिथेच असतो; डावा कान उजव्यापेक्षा वीतभर लांब आहे.

तिसऱ्या महिन्यात पोट आत गेलं आणि बातमी धुळ्याला गेली. तिकडे आबांनी आठ दिवसांत माझ्यापेक्षा भारी सायकल आणली. छत्तीस वर्षं ज्या माणसाने सायकलवाल्यासाठी ब्रेकला पाय लावला नाही, नुसता हॉर्न देऊन अर्धा खान्देश रस्त्याकडेच्या चारीत ढकलला, तो माणूस सायकलवर! कारण साधं होतं. आमच्या दोघांत लग्नाच्या दिवसापासूनचं उधार होतं. व्याहीभेटीच्या वेळी गळाभेट घेता घेता त्यांनी मला सगळ्या मांडवादेखत उचलून पोत्यासारखं गरगर फिरवलं. पी.टी.च्या मास्तरला! मग मी त्यांना उचललं. उचललं इथवर ठीक होतं, पण ठेवताना ते सनईवाल्यावर पडले. सनई मोडली, तरी माणूस बरा निघाला. तेव्हापासून आमची प्रत्येक भेट ही व्याहीभेटच.

आता मोबाइलवर रोज पहाटे त्यांचे किलोमीटर येऊन पडायला लागले. एके दिवशी त्यांनी ताशी सत्तरच्या वेगाने पन्नास किलोमीटर मारले. मी फोन लावला.

“आबा, ट्रकात बसला होतात का?”

“उतार व्हता.”

“धुळ्याहून शिरपूरपर्यंत सगळा उतार?”

“मन्हासाठी व्हता.”

असं वर्ष गेलं आणि माझ्या मुलीला धुळ्याला मुलगा झाला. आम्ही जळगावहून दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बाहेर आणलं होतं. मी दुपट्याचं एक टोक धरलं. आबांनी दुसरं धरलं. “मुलीच्या बापाचा पहिला हक्क,” मी म्हणालो. “नाव कोनं लागाव शे?” आबा म्हणाले. नाव त्यांच्याच घराण्याचं लागणार होतं. मी त्यांच्या दंडाला कोपर मारलं, त्यांनी माझ्या पायावर पाय दिला, मी पुन्हा कोपर मारलं, आणि ती नर्स बाळ छातीशी घट्ट धरून अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतली एक बाई तिथेच बाळंत झाली म्हणतात.

मुलीने आम्हाला आत बोलावलं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. आवाज चढवला नाही.

“बारशाला दोघंही असा. पण आजपासून बारशापर्यंत तुम्हा दोघांत जो पहिला हात उचलेल, त्याच्या हातात माझं बाळ येणार नाही. वाटेत उचला, दारात उचला, कुठेही उचला.”

‘तुम्हा दोघांत’ असं म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

त्या दिवशी मी बाळाला न घेताच परत आलो. अकरा दिवस झोप धड लागली नाही. दुपट्यातून बाहेर आलेलं एक कोवळं बोट तेवढं मला दिसलं होतं. ते एका मुठीत धरायचं, एवढंच आयुष्यात राहिलं होतं. शपथ घेतली, बारशाला जायचं, सायकलवर जायचं, आणि हात हॅण्डलवरून काढायचाच नाही. 

बारशाच्या दिवशी पहाटे जळगाव सोडलं. थंडी अशी, की एरंडोलपर्यंत माझ्या मिशीला बर्फ लागला होता. (बर्फ नसेल, दव म्हणा.) पारोळ्याला आबा मला घ्यायला सामोरे आले होते. हेही मानाचंच. आम्ही चहा घेतला, एकमेकांच्या सायकलीकडे कसायाच्या नजरेने पाहिलं आणि निघालो.

आता इथे एक रीत समजून घ्या. आमच्याकडे मुलीच्या बापाने मुलाच्या बापाच्या पुढे चालायचं नसतं. पंगतीत पहिलं पान त्यांचं, गाडीत पुढची सीट त्यांची, देवळात नारळ आधी त्यांचा. म्हणून मी हात जोडून म्हणालो, “मान तुमचा, आबा. तुम्ही पुढे चला.” आबा खूश. जन्मभर दुसऱ्याला मागे ठेवलेला माणूस. छाती काढून पुढे निघाले.

आणि त्या दिवशी धुळ्याकडून समोरचा वारा होता. सायकलवर जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो. जो त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहतो, त्याला अर्धीही मेहनत पडत नाही. हे मेहरूणच्या कट्ट्यावर मला कळलं होतं. आबांना ट्रकची काच माहीत. वारा कुठून येतो हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यांचा देहही असा दणकट, की मागे एक लग्न लागेल. मी त्यांच्या पाठीमागे इतका निवांत चाललो होतो, की शेंगदाणे सोलून खाल्ले. मधूनमधून ओरडायचो, “वा आबा! काय ती चाल!” पहिले दहा किलोमीटर ते हसले. पुढच्या पाचात धापा टाकायला लागले. मग म्हणाले, “व्याहीबुवा, थोडं तुम्ही पुढे या.”

“मी? तुमच्या पुढे? लोक काय म्हणतील!”

मागून दोन सायकलवाली पोरं भरभर पुढे निघून गेली. त्यातलं एक आबांना हसत म्हणालं, “काका, मागचे काका तुमच्या आडोशाने मजेत चाललेत!”

आबांचा मेंदू ट्रकच्या इंजिनासारखा. तापायला वेळ लागतो. अर्धा किलोमीटर ते तसेच पायडल मारत राहिले. मग त्यांनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले.

मी त्यांच्या मागच्या चाकावर आदळलो. माझं चाक वाकलं आणि मी हॅण्डलवरून उडालो. हवेत असताना मला खाली आबा दिसले, दोन ट्रक दिसले, एक बगळा माझ्या खालून गेला. मग तोंडावर पडलो. नाकातून गरम काहीतरी ओठावर आलं. गुडघ्याची कातडी डांबराला राहिली.

आबा सायकल टाकून माझ्याजवळ आले. हात द्यायला आले असं मला वाटलं.

“पंधरा किलोमीटर मी वारा खाऊ अन् तुम्ही शेंगदाना खा?” ते म्हणाले. मग त्यांनी गाल पुढे केला आणि हळूच हसले. “उचला ना मास्तर, हात उचला. पोऱ्या आज मन्हा मांडीवर बठी.”

मला सगळं कळत होतं. हा सापळा आहे, हे कळत होतं. बाळाचं ते बोट दिसत होतं. आणि तरी माझ्या हाताने सायकलचा पंप कधी उपसला ते मला कळलं नाही.

पहिला वार हेल्मेटवर बसला आणि हेल्मेट तडकलं. दुसरा खांद्यावर. आबांनी पंप हिसकून वावरात भिरकावला आणि मला डोक्याने ढुशी मारली. आम्ही उतारावरून कपाशीत गडगडलो. वाळलेल्या बोंडांची टोकं किती धारदार असतात ते वेचणाऱ्या बायांना विचारा. माझी पाठ मांजरांनी भांडल्यासारखी झाली. त्यांनी माझ्या मनगटाचा चावा घेतला. मी डाव्या हाताची थप्पड दिली, ती माझी कमी प्रतीची, तरी त्यांचा पुढचा एक दात उडून कपाशीच्या पांढऱ्या बोंडात जाऊन बसला. बोंड लाल झालं. पलीकडच्या ओळीत बाया कापूस वेचत होत्या. त्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून ओरडली, “ओ आजोबा! मरनं व्हई तं रस्त्यावर मरा! कपाशी कसाले मोडतस?” आणि तिने उचलून मारलेलं ढेकूळ माझ्या बरगडीत बसलं. नेम चांगला होता.

सुरुवातीला सांगितलेलं कानाचं आणि मिशीचं बोलणं हे त्या ढेकळानंतरचं.

शेवटी मिशीचा एक झुपका त्यांच्या मुठीत गेला आणि कान मोकळा झाला. मी उसळून त्यांच्या छातीवर बसलो. डाव्या हाताने गळा धरला. आता अहो-जाहो संपलं होतं. त्यांचा घसा माझ्या तळव्याखाली वरखाली होत होता आणि मी दाबत होतो, खेळातलं नव्हे, खरं दाबत होतो. उजवा हात मी खांद्यामागे नेला. तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाणारी ती थप्पड.

आबांनी दोन्ही कोपरं तोंडासमोर घेतली. अशी, एकावर एक.

माझा हात वरच राहिला.

मुलगी सात वर्षांची होती. मी तिला शाळेतून आणत होतो, कॅरिअरवर बसवून. सायकल महिन्याभरापूर्वीच घेतलेली. काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज आला आणि सायकल अडखळली. मी उतरून मागे पाहिलं. तिचा पाय मागच्या चाकात गेला होता. आधी मला चाकाच्या मोडलेल्या आऱ्या दिसल्या, दोन. टाच नंतर दिसली. त्या दोहोंच्या मधल्या वेळात मी तिला थप्पड मारली. तिने दोन्ही कोपरं तोंडासमोर घेतली, अशीच. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातून रक्त ठिबकत होतं आणि ती रडायची थांबली होती. मी आणखी मारेन या भीतीने थांबली होती. टाचेला चार टाके पडले. पुढच्या आठवड्यात मी सायकल विकली आणि लोकांना गुडघ्याचं सांगितलं.

यात मी काही वाढवलेलं नाही.

आबांच्या गळ्यावरचा हात काढला आणि बाजूला होऊन मातीत बसलो. ते बराच वेळ खोकत होते. मग उठून दात शोधायला लागले. मीही शोधू लागलो. म्हातारीनेच तो शोधून दिला आणि वर म्हणाली, “आते निंघा.”

एका शेतकऱ्याने सायकलींसकट आम्हाला कापसाच्या ट्रॉलीत घेतलं. कापसावर उताणे पडून आम्ही धुळ्याच्या अलीकडच्या फागण्यापर्यंत आभाळ बघितलं. शेवटी आबाच बोलले.

“घर काय सांगानं?”

“रानडुक्कर,” मी म्हणालो.

“केवढं?”

“म्हशीएवढं.”

“इतलं कोनी मानावं नही. वासराएवढं सांगा.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “ब्रेकचं तुम्ही सांगू नका. पंपचं मी नही सांगस.”

मी मान हलवली. 

धुळ्याला पोचलो तेव्हा पाळण्याभोवती बाया दाटीने उभ्या होत्या. बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बाकीच्या दणादण बुक्के घालत होत्या आणि ती हसत होती. आम्ही दारात उभे राहिलो आणि बुक्के थांबले.

मी डुक्कर सांगितलं. काय सांगितलं म्हणता! वासराएवढं सुरू केलं आणि तिसऱ्या वाक्याला म्हशीएवढं करून टाकलं. सुळे विळ्यासारखे. आबांना वाचवायला मी मध्ये पडलो, त्याने माझी मिशी उपटली. आबांनी त्याचे मागचे पाय धरून गरगर फिरवलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आबा मध्येमध्ये “हाव, हाव” म्हणत होते, पडलेल्या दाताच्या फटीतून वारा जात होता. मला वाटलं, जमलं. 

मुलगी पाळण्याजवळ पाटावर बसली होती. तिच्या साडीच्या काठाखालून टाच बाहेर आली होती आणि टाचेवर ती पांढरी रेघ होती. ती एकटी हसली नव्हती.

“नाना,” ती मला म्हणाली, “पहिलं अंगावर कोण गेलं?”

“डुक्कर,” आबा घाईने म्हणाले. “डुक्करच. मी देखं ना.”

मी त्या टाचेकडे बघत होतो. पाळण्यातून एक बोट वर आलं होतं.

“डुक्कर नव्हतं,” मी म्हणालो. “मीच. पंपाने.”

आबा खाली बघत म्हणाले, “ब्रेक मी दाबा व्हता.”

तिने बाळाला पाळण्यातून उचललं, दुपटं नीट केलं आणि आबांच्या मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

“पुढच्या रविवारी या, नाना. बसने या.”